शाळेचा इतिहास लिहायला घेताय? आधी जनरल रजिस्टर मागा

शाळेला पन्नास-पंच्याहत्तर वर्षं होत आली की माजी विद्यार्थिनींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, आठ दिवस त्यात नुसते फुलांचे गुड मॉर्निंग येतात, मग कोणीतरी म्हणतं स्मरणिका काढूया, आणि शाळेत असताना जी निबंधात पहिली यायची तिच्या गळ्यात "शाळेचा इतिहास" पडतो. ती बिचारी मग मागच्या स्मरणिकेतली दोन पानं उतरवते, मुख्याध्यापिकांची यादी लावते, निकालाची टक्केवारी टाकते, खाली मेसवाल्याची नि सराफाची जाहिरात. झाला इतिहास. आमच्या शाळेचं हे काम माझ्याकडं आलं तेव्हा आधीच्या दोन स्मरणिका काढून बसले, दोन्हीत तोच मजकूर, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच. म्हणून म्हणलं जे शिकायला मिळालं ते लिहूनच ठेवावं, मराठवाड्यात सिस्टरांच्या मुलींच्या शाळा बऱ्याच आहेत आणि एकेकीची पंच्याहत्तरी येतच राहणार आहे.

सुरुवातीलाच एक सांगते, कॉन्व्हेंट म्हणलं की लोकांना इंग्लिश मिडीयम आणि टाय-बूट दिसतात, पण आपल्याकडच्या मुलींच्या कितीतरी कॅथलिक शाळा मराठी माध्यमाच्या, अनुदानित, आणि वर्गात कॅथलिक लेकरं मूठभर. बाकी सगळ्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध घरातल्या. खूप घरांनी पोरीला पुढं शिकू दिलं ते फक्त मुलींची शाळा आहे आणि सिस्टर लक्ष ठेवतात एवढ्यावर. त्यामुळं इतिहास लिहायचा तर तो नुसता मिशनचा किंवा संस्थेचा होऊन चालत नाही, कोणत्या पोरी आल्या, कुठून आल्या, कितवीपर्यंत टिकल्या आणि कशामुळं गेल्या, हे त्यात पाहिजे. आणि हे सगळं एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं, जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक पोरीची नोंद असते त्या मोठ्या बुकात.

पण त्याच्याही आधी, शाळा नेमकी कधी सुरू झाली

सोपं वाटतं पण पहिलं भांडण इथंच होतं. सिस्टर गावात आल्या ते एक साल, चर्चच्या आवारात एका खोलीत बालवाडी किंवा पहिली सुरू झाली ते दुसरं, प्राथमिकला मान्यता मिळाली ते तिसरं, आठवीचा वर्ग जोडला ते चौथं आणि पहिली बॅच बोर्डाला बसली ते पाचवं. बऱ्याच शाळा अशाच एकेक वर्ग जोडत वाढल्यात, त्यामुळं माध्यमिक शाळेचं वय आणि संस्थेचं वय वेगळं निघतं. कमिटीत बसून एक साल ठरवून घ्या, पण लेखात सगळी सालं द्या आणि कोणत्या सालाला काय झालं तेही लिहा, म्हणजे नंतर कोणी "आमच्या मावशी तर त्याच्याआधी तिथं शिकत होत्या" म्हणून फोन करणार नाही. आणि मावशीचंही खरंच असतं बहुतेक.

जनरल रजिस्टर कसं मागायचं आणि कसं वाचायचं

हे कायमचं दप्तर आहे, ऑफिसबाहेर जात नाही आणि जाऊही नये. मुख्याध्यापिका सिस्टरांच्या नावानं रीतसर अर्ज लिहा, कशासाठी पाहिजे, कोण बघणार, किती दिवस, फोटो काढणार की नाही, सगळं त्यात. आणि क्लार्कशी आधी बोला, खरी चावी त्यांच्याकडंच. दाखल्यांचा सीझन म्हणजे जून-जुलै सोडून जा, नोव्हेंबरात किंवा नाताळच्या सुट्टीच्या जरा आधी गेलं की माणूस निवांत भेटतो. सोबत दुसरी एखादी मैत्रीण घ्या, एक वाचते एक लिहिते, एकटीनं केलं की दुपारी दोननंतर डोळे चालत नाहीत.

रकाने साधारण तुम्हाला आपल्या टीसीवरून माहितीच आहेत. नाव, धर्म-जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शेवटी सोडल्याची तारीख, इयत्ता, कारण, शेरा. जुन्या रजिस्टरात आईचं नाव असा रकानाच नाही बघा. बायकांनी चालवलेली, पोरींची शाळा, आणि आईचं नाव कुठंच नाही, हे एवढं एक वाक्य तरी लेखात टाकाच.

जन्मतारखेवर फार विसंबू नका. पानंच्या पानं एक जून, एक जून, एक जून. घरी तारीख माहीत नसायची, गुरुजींनी शाळेला बसेल असं वय धरून एक जून टाकून दिलेली. पहिल्या बॅचमधली सगळ्यात लहान मुलगी वगैरे शोधायच्या भानगडीत पडू नका.

आधीच्या शाळेचा रकाना मात्र सोनं आहे. त्यावरून कळतं पोरी कोणकोणत्या गावांवरून यायच्या. एका कागदावर गावांची नावं नि सालं लिहीत जा आणि नंतर नकाशावर टिंबं द्या. एखाद्या साली एकदम एका रस्त्यावरची गावं दिसायला लागली तर विचारा, तिकडं त्या वेळी एसटी सुरू झाली होती का, की बोर्डिंग निघालं. अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मुलींचा मोफत एसटी पास आला त्यानंतर लांबची गावं वाढली का तेही ताडून बघता येतं.

आणि आता शेवटचा रकाना, शाळा सोडल्याचं कारण. इथं थांबायचं, घाई करायची नाही. "उत्तीर्ण" आणि "पालकांची बदली" ही नावं सोडून द्या, बाकीच्यांवर बसा. "सतत गैरहजर", "पालकाच्या अर्जावरून", "घरगुती अडचण", आणि कुठंकुठं सरळ "लग्न". एक साल घ्या, त्या वर्षी पाचवीत किंवा आठवीत आलेल्या सगळ्या पोरी एका कागदावर लिहा आणि प्रत्येकीची शेवटची इयत्ता समोर मांडा, दहावीपर्यंत किती पोचल्या ते तुमचं तुम्हाला दिसेल. मग दहा-पंधरा वर्षं पुढचं साल घ्या आणि परत तेच. मुख्याध्यापिकांच्या यादीपेक्षा ह्या दोन कागदांत शाळेचा इतिहास जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कोणत्याही स्मरणिकेत मला तो दिसला नाही.

सोडल्याचा महिनासुद्धा बघा. कारण "पालकाच्या अर्जावरून" आणि महिना एप्रिल-मे, म्हणजे लग्नसराई. दसऱ्यानंतर नाव गेलं आणि गाव बीड जिल्ह्यातलं असेल तर बहुतेक घर ऊसतोडीला गेलं, गाळपाचा हंगाम तेव्हाच सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत माणसं कारखान्यावर. अशी पोर पुढच्या जूनला परत नाव घालते का ते शोधा, काही घालतात, त्यांच्या नावापुढं दोन-दोन नंबर पडलेले असतात. आणखी एक बारीक गोष्ट, १९७८ च्या आधी मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय १५ होतं, त्या साली ते १८ केलं. तेव्हा साठ-सत्तरच्या दशकात क्लार्क बिनधास्त "लग्न" लिहायचा आणि नंतर तो शब्द रजिस्टरातून गायब होतो, पण लग्नं लगेच थांबली असं समजू नका, शेरा तेवढा बदललेला असू शकतो. म्हणून म्हणते महिना बघा.

निजामाच्या काळातले कागद हाती लागले तर

लष्करी छावणीच्या आसपासच्या एखाद्या जुन्या मिशन शाळेत किंवा चर्चच्या कपाटात असे कागद निघतात. आपला सगळा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, सरकारी माध्यमिक शाळा बहुतेक उर्दू माध्यमाच्या, १९१८ ला काढलेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दूतच. औरंगाबादला १९१५ मध्ये सरस्वती भुवन निघाली ती ह्याच वातावरणात, मराठी पोरांना मराठीत शिकायला मिळावं म्हणून माणसं धडपडत होती. मुलींचं तर विचारूच नका. तेव्हा त्या काळातल्या मिशन शाळेबद्दल लिहिताना तिथं कोणत्या भाषेत शिकवायचे हे पहिलं शोधा, आपोआप मराठी धरून चालू नका.

तारखा फसली सालात, म्हणजे निजामाच्या राज्यात चालायची त्या कालगणनेत असतील. फसली वर्ष आजूर महिन्यापासून म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून धरायचे. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, आणि तारीख जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१. म्हणजे फसली १३५७ हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८, पोलीस अ‍ॅक्शन त्यातच. फी दोन तऱ्हेची दिसेल, हाली आणि कलदार. हाली म्हणजे निजामाचा सिक्का, कलदार म्हणजे इंग्रजी रुपया, सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. फी वाढली वाढली म्हणून हुरळून जायच्या आधी सिक्का कोणता ते बघा. उर्दू वाचता येत नसेल तर गावात एखादे निवृत्त उर्दूचे शिक्षक असतातच, एक चहा आणि आदबीनं बोलणं एवढंच लागतं.

त्या काळात शाळा खात्याचे वरिष्ठ म्हणजे नाजिम-ए-तालीमात, त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार शाळेत नसला तरी हैदराबादला तारनाक्याच्या तेलंगण राज्य अभिलेखागारात संस्थानचं दप्तर आहे, आणि आपल्या संभाजीनगरात महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याचं ऑफिस आहे. आधी जवळचं बघा.

बाकीचे कागद कुठं कुठं

पहिलं ठिकाण सिस्टरांचं घर. कॉन्व्हेंटमध्ये बहुतेक ठिकाणी एक रोजनिशीसारखी वही असते, क्रॉनिकल म्हणतात, त्यात कोण आलं, कोण गेलं, छप्पर कधी गळलं, बिशप कधी येऊन गेले, सगळं. ही घरातली वही आहे, शाळेची नाही, त्यामुळं हट्ट धरायचा नाही. सुपीरियर म्हणजे त्या घराच्या प्रमुख सिस्टरांना विचारायचं की ह्या ह्या सालातलं शाळेपुरतं वाचून दाखवाल का. त्या वाचून दाखवतात. आधीच्या वह्या संस्थेच्या प्रांतिक मुख्यालयात गेलेल्या असतात आणि ते पार दुसऱ्या राज्यात असू शकतं, तर पत्र महिना-दोन महिने आधी टाका.

सिस्टरांच्या नावांचा घोळ होतो बरं का. पूर्वी व्रत घेताना नवीन नाव मिळायचं, घरचं नाव वेगळं, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ मध्ये रोमला जी झाली तिच्यानंतर, बऱ्याच जणींनी परत आपलं जुनं नाव घेतलं. एकच सिस्टर १९६३ च्या मस्टरवर एका नावानं आणि १९७१ ला दुसऱ्या नावानं दिसू शकते आणि तुम्ही दोघी म्हणून मोजता. सही मिळवून बघा, अक्षर बदलत नाही. शिवाय कितीतरी सिस्टर केरळ, गोवा, मंगळूरकडच्या, इथं येऊन मराठी शिकलेल्या, त्यांची आडनावं मस्टरवर क्लार्कनं जशी ऐकली तशी लिहिलेली.

दुसरं ठिकाण बिशप हाऊस, म्हणजे धर्मप्रांताचं मुख्य ऑफिस. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला, त्याच्याआधी आपण अमरावती धर्मप्रांतात, आणि अमरावती स्वतः १९५५ ला नागपुरातून निघाला. त्यामुळं शाळा १९५० ची असेल तर जुनी पत्रं नागपूरला निघण्याची शक्यता जास्त, इथं नाहीत म्हणून हताश होऊ नका. वैजापूरकडं घोगरगावला फ्रेंच मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून होते, तिकडच्या पोरी बोर्डिंगला असतील तर तो धागाही धरता येतो.

सरकारी बाजूनं मान्यतेची पत्रं, तपासणीचे अहवाल, अनुदानाचे आदेश जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला, त्याआधीचं खात्याकडं. आणि जिल्हे फुटलेत हे विसरू नका, जालना १९८१ ला औरंगाबादमधून निघाला, लातूर १९८२ ला उस्मानाबादमधून, हिंगोली १९९९ ला परभणीतून, तर लातूरच्या शाळेची १९६८ ची फाईल धाराशिवला असू शकते. लेखात मात्र त्या त्या वेळचं नाव ठेवा, १९६८ च्या वाक्यात उस्मानाबादच लिहा.

शाळेतच शेरेबुक असतं, तपासणीला आलेले साहेब त्यात लिहून जायचे. बहुतेकांनी "समाधानकारक" लिहून सही केलेली, पण मधूनच एखाद्यानं "मुलींसाठी स्वच्छतागृह अपुरे" असं लिहिलेलं सापडतं, ते उचला. जिल्ह्याचे जुने गॅझेटियर साठ-सत्तरच्या दशकातले आहेत, शिक्षणाच्या प्रकरणात शाळांचा उल्लेख येतो. वर्तमानपत्रांत दैनिक मराठवाडाचे जुने अंक, आणि कॅथलिक बाजूनं १९०३ पासून चाललेलं निरोप्या मासिक.

ज्ञानोदय चाळून त्यात आपली शाळा शोधू नका, ते प्रोटेस्टंट मिशनचं. हा गोंधळ फार होतो. आपल्याकडं लोकं सगळ्यालाच "मिशन" म्हणतात, जालन्याचं मिशन म्हणजे स्कॉटिश चर्चचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जवळच बेथेल गाव वसवलं होतं, त्याचा सिस्टरांशी काही संबंध नाही. सिस्टर आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) म्हणजे कॅथलिक, मिशनरी मॅडम आणि त्यांचे मिस्टर म्हणजे प्रोटेस्टंट, एवढी ढोबळ खूण ठेवा.

माणसांशी बोलणं

कागदावर बोर्डिंगची घंटा ऐकू येत नाही, त्यासाठी बायकाच गाठायला पाहिजेत. शोधायचं कसं, तर सासरच्या नावानं कोणी सापडत नाही. ग्रुपवर माहेरचं पूर्ण नाव, वडलांचं नाव, गाव आणि दहावीचं साल असं टाकायला लावा. ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत त्यांना भावाकडून किंवा वहिनीकडून शोधावं लागतं. आणि एक पथ्य पाळा, फक्त डॉक्टर, प्राध्यापक, तहसीलदार झालेल्यांच्या मागं पळू नका. आठवीत शाळा सुटलेल्या दोघी-तिघी तरी पाहिजेतच, रजिस्टरातून नावं काढलीत ना, मग जा त्यांच्या गावाला. शिपाई मावशी, बोर्डिंगच्या स्वयंपाकीण, रिटायर झालेल्या बाई, ह्यांना आधी भेटा, वय झालेलं असतं.

प्रश्न कसा विचारता त्यावर सगळं आहे. "शाळेबद्दल काय वाटतं" विचारलं की उत्तर ठरलेलं, शिस्त लई होती, संस्कार मिळाले, सिस्टर कडक होत्या पण प्रेमळ होत्या. संपलं. त्याऐवजी असं विचारा, घंटा कोण वाजवायचं? डब्यात काय असायचं? पाणी कुठून यायचं, हौदातून की टँकरनं? रिबिनी कोणत्या रंगाच्या आणि विसरली तर काय व्हायचं? पाळी आली तर कुठं जायचात, कोणाला सांगायचात? घरून आलेलं पत्र आधी सिस्टर वाचायच्या का? वर्गात मुसलमान मैत्रिणी होत्या का, त्यांच्या रोज्यात डबा कुठं खायचात? असं विचारलं की बाई सरसावून बसते.

एका मावशींना मी दुष्काळाचं विचारलं.

"मावशी, ७२ ला बोर्डिंगमध्ये होतात ना तुम्ही, खायला काय मिळायचं?"

"काय मिळतंय बाई, मिलो. लाल लाल ज्वारी ती, भाकरी थापली की फाटायची. आन् सुकडी. सिस्टर पन तेच खायच्या, आमच्या ताटात बघून घेतलं ना मी."

"घरी नाही गेलात?"

"घरी कामून जाऊ? घरचे समदे रोजगार हमीवर खडी फोडायलेले. हितं निदान दोन टाईम होतं."

ह्या एवढ्याशा बोलण्यात जे आहे ते मला दोन पानांत लिहिता आलं नसतं, म्हणून बोलणं जसंच्या तसं ठेवा, "आमची भोजनाची व्यवस्था उत्तम होती" असं शुद्ध मराठी करू नका. मिलो ही अमेरिकेतून आलेली ज्वारी, आणि त्याच्याही आधीपासून कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसमार्फत दुधाची पावडर वगैरे मिशनच्या शाळांत यायची, वयस्कर बायकांना ते पांढरं दूध आणि त्याचा वास अजून आठवतो, विचारून बघा.

फोनवर रेकॉर्ड करताना आधी विचारा, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून "हो, चालंल" घ्या. छापायच्या आधी त्यांचं बोलणं त्यांना वाचून दाखवा. पोरगा किंवा सून शेजारी बसली असेल तर बायका वेगळं बोलतात, तर चहा करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन बसा, खरं तिथंच निघतं.

आणि बोर्डिंगच्या आठवणी जरा ताडून घ्या. भेटीच्या रविवारी घरून आलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्यांनी वाटून खाल्ली असं प्रत्येकजण सांगते, चोरून पेटीत कोणीच ठेवली नव्हती म्हणे.

फोटो

तारीख नसलेले फोटो ढिगानं मिळतात. सिस्टरांचा वेश बघा, व्हॅटिकन परिषदेच्या आधी कपाळ-हनुवटीपर्यंत घट्ट गुंडाळलेला पोशाख, नंतर तो हळूहळू साधा होत गेला, काही संस्थांनी साडी घेतली. परकर-पोलकं, मग फ्रॉक किंवा स्कर्ट, मग वरच्या वर्गांना सलवार-कमीज, हा बदल आपल्या शाळेत कधी झाला ते एकदा पक्कं केलं की निम्मे फोटो जागेवर बसतात. मागं इमारत दिसत असेल तर मजले मोजा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असतो, तो स्टुडिओ कधी निघाला कधी बंद पडला हे गावात कोणीही सांगतं. दहावीचे फोटो अकरावीचे नाहीत ना हेही बघा, १९७५ पर्यंत मॅट्रिक अकरावीला होती, त्याच्याआधीच्या फोटोत "मॅट्रिक बॅच" लिहिलंय म्हणजे अकरावी. फोटोंची मूळ प्रत लगेच परत करा, स्कॅन करून. फोटो घेऊन गेली ती गेलीच असं नाव एकदा पडलं की पुढचा अल्बम कोणी उघडत नाही.

जपून लिहायचं ते

धर्म-जातीचा रकाना. मराठवाड्यातली बरीच ख्रिस्ती घरं पूर्वाश्रमीच्या दलित समाजांतली, आणि ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात त्या फक्त हिंदूंना होत्या, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती नाही. त्यामुळं एकाच घरातल्या दोन बहिणींच्या नावापुढं वेगवेगळं लिहिलेलं सापडू शकतं आणि त्यामागं घराची पूर्ण अडचण असते. हे कोणा एकीच्या नावानं छापू नका, नोकरी-दाखल्याचे प्रश्न निघतात. एकूण चित्र लिहा, नाव नको. तसंच शाळा सोडल्याचं कारण, नापास, फी माफी, हे सगळं नावाशिवाय. आणि रजिस्टरच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत म्हणजे नाहीत, कितीही गंमत वाटली तरी.

धर्मांतराचा विषय निघतोच, टाळू नका पण नुसत्या गप्पांवरही लिहू नका. शाळेत प्रार्थना कोणती होती, धर्मशिक्षणाचा तास कोणाला होता आणि त्या वेळी बाकीच्या मुलींना काय असायचं, मूल्यशिक्षण का आणखी काही, हे वेळापत्रकातून आणि बायकांना विचारून लिहा. घटनेच्या कलम २८ प्रमाणं अनुदानित शाळेत संमतीशिवाय कोणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, आणि कलम ३० प्रमाणं अल्पसंख्याकांना आपली शाळा काढून चालवायचा हक्क आहे, ह्या दोन्ही गोष्टी वाचकाला सांगून ठेवल्या की पुढचं तो समजून घेतो. ह्याच अल्पसंख्याक दर्जामुळं मुख्याध्यापक नेमायची मोकळीक संस्थेला मिळते, म्हणूनच तीस-तीस वर्षं शिकवलेल्या बाई सुपरवायझरपर्यंतच राहिल्या आणि खुर्चीवर सिस्टर, असं चित्र दिसतं. त्या बाईंची नावं यादीत येत नाहीत. मस्टरवरून त्यांची वेगळी यादी काढा, विषयासकट.

शिक्षा, मारणं, एखादीवर अन्याय, असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या, लिहून ठेवा, दुसऱ्या कोणाकडून तेच येतंय का बघा. स्मरणिकेत गोडगोड पाहिजे असा आग्रह कमिटीतून होणारच. मी तरी म्हणते छडीबद्दल चार ओळी राहू द्या, वाचणाऱ्या सगळ्यांना छडी आठवतेच आहे.

लिहिताना

सिस्टर अमुक यांच्या कारकिर्दीत, मग सिस्टर तमुक यांच्या कारकिर्दीत, असं लिहायचं नाही. ती यादी शेवटी एका पानावर टाका. लेख शाळेच्या एखाद्या जागेवरून किंवा एखाद्या वर्षावरून पुढं न्या. विहीर, बोर्डिंगची पडवी, ग्रोटो म्हणजे मारियामातेची गुहा, सायन्स लॅब कधी आली, मुलींना गणित-शास्त्र शिकवायला बाई मिळत नव्हत्या तेव्हा कोण यायचं. मोठ्या घटना आणा पण शाळेला त्या शिवल्या असतील तरच. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत बोर्डिंगच्या पोरींचं काय झालं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या कोणत्या पोरी शाळेत आल्या, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा शाळा किती वाजता सुटायची, लॉकडाऊनमध्ये कोणाकडं मोबाईल होता आणि कोण परत आलीच नाही. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, त्या दिवशी शाळेत स्वातंत्र्यसैनिक कोण येऊन बोलून गेले हे सूचना वहीत सापडतं.

प्रत्येक वाक्यामागं कागद आहे की आठवण हे वाचणाऱ्याला कळू द्या. "रजिस्टरात दिसतं" आणि "बायका सांगतात" एवढं म्हणलं तरी पुरतं. दोन बायका दोन सांगायल्या तर दोन्ही ठेवा.

मजकूर सिस्टरांना, रिटायर बाईंना आणि बोर्डिंगच्या एखाद्या मावशीला, अशा तिघींना वाचून दाखवा, वेगवेगळं. तिघी तीन चुका काढतात. प्रूफ बघताना नावं आणि सालं मोठ्यानं वाचा. छपाईला जाहिराती लागतातच, त्या घ्या, पण सगळ्या शेवटी एकत्र.

स्मरणिका निघाली की एक प्रत शाळेत, एक कॉन्व्हेंटमध्ये, एक बिशप हाऊसला, एक जिल्हा ग्रंथालयात आणि ज्यांच्याशी बोललात त्या प्रत्येकीला एक, ही पोच वहीत सही घेऊन. स्कॅन आणि रेकॉर्डिंग दोन हार्डडिस्कवर, एक शाळेच्या ऑफिसात नोंद करून आणि दुसरी कॉन्व्हेंटच्या कपाटात, कारण ग्रुपवरच्या बाईचा फोन बदलला की सगळं जातं. आणि तुमच्या वह्या, ज्यात रजिस्टरातली आकडेवारी काढलीय त्या, रद्दीत देऊ नका, त्याही ऑफिसात द्या, पुढच्या पंचवीस वर्षांनी हेच काम जिच्या गळ्यात पडेल तिचे निदान पहिले दोन महिने तरी वाचतील.